प्रवासाची शिदोरी : गळ्यात यंत्र बांधलेला प्रवासी

उपग्रहावरून निरोप पाठवणाऱ्या यंत्रावर या रविवारी लिहीन, असं मागच्या वेळी म्हटलं होतं. ते पुढच्या रविवारी. मधल्या काळात पांढरकवड्याहून एका निवृत्त गुरुजींचं पत्र आलं आणि आठवडाभर दुसरं काही सुचलं नाही.

गुरुजींचा भाचा सुटीत पुण्याहून आला होता. त्याच्याजवळ तळहातावर मावेल एवढा ड्रोन, वजन अडीचशे ग्रॅमच्या आत. टिपेश्वर अभयारण्यात निघाले तेव्हा सुन्ना गेटवर तो ड्रोन आत नेऊ दिला नाही. भाच्याचं म्हणणं, एवढ्या हलक्या ड्रोनला चालकाचा परवानाही लागत नाही, मग अडवलं का? गुरुजींनी हा प्रश्न विचारलाच, पण खाली स्वतःचाही एक जोडला : ‘वाघाच्या गळ्यात जाडजूड पट्टा बांधलेला चालतो, तर पोराचं अडीचशे ग्रॅमचं यंत्र का चालत नाही?’

भाच्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. त्याने वाचलंय ते खरं आहे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी आलेल्या ड्रोन नियमांत अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनसाठी चालकाच्या परवान्याची अट नाही. पण ते नियम विमानवाहतुकीचे. अभयारण्याच्या फाटकाशी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा सुरू होतो, आणि त्या कायद्याच्या लेखी आत पाऊल टाकणं हीच मुळात परवानगीची गोष्ट आहे. पर्यटन, अभ्यास, अगदी फोटो काढणं, हीदेखील परवानगी घेऊन करायची कामं म्हणून त्यात नोंदलेली आहेत. शिकारीची त्या कायद्यातली व्याख्या वाचली तर जनावर हाकणंसुद्धा तिच्यात येतं. म्हणजे आपण ज्याला गंमत समजतो, ते जनावराला हाकणं ठरू शकतं. तेव्हा गेटवरच्या माणसाने बरोबर केलं.

आता गुरुजींचा प्रश्न. तो मोठा आहे, आणि त्याचं उत्तर द्यायला टिपेश्वरच्याच एका प्रवाशाची गोष्ट सांगावी लागते. या लेखमालेत आजवर माणसांच्या पाठीवरची, खिशातली, मनगटावरची यंत्रं येऊन गेली. पण आपल्या जिल्ह्यातून निघालेल्या सगळ्यात थोर पायी प्रवाशाचं यंत्र राहूनच गेलं होतं.

तो टी-१ वाघिणीचा बछडा, म्हणून कागदोपत्री नाव टी-१ सी-१. पुढे लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटलं. (इथे एक घोळ निस्तरतो. ही टी-१ टिपेश्वरची. राळेगाव-पांढरकवडा भागातली ‘अवनी’ या वाघिणीचाही सरकारी क्रमांक टी-१ हाच होता. दोघी वेगळ्या. आपल्या जिल्ह्यातले जाणते लोकही यात चुकतात, मीही एकदा चुकलो आहे.) फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी त्याला भुलीचं इंजेक्शन डार्टने मारून गळ्यात रेडिओ कॉलर बांधली. तेव्हा तो दोन वर्षांचा होता. या वयात नर बछडा आईचं रान सोडतो. टिपेश्वर अवघं १४८ चौरस किलोमीटरचं. तिथे आधीच जम बसवलेले नर असतात, आणि तरण्याला जागा मिळत नाही.

जून २०१९ मध्ये, म्हणजे आपल्याकडे पेरण्यांची लगबग असते तेव्हा, तो निघाला. महाराष्ट्रातले सात जिल्हे आणि शेजारच्या तेलंगणाचा मुलूख तुडवून त्या हिवाळ्यात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नकाशावर पट्टी ठेवली तर टिपेश्वर ते ज्ञानगंगा हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आतच भरतं. तो तेराशेच्या वर चालून तिथे पोचला. कॉलर एप्रिल २०२० मध्ये काढली, तोवर त्याची एकूण चाल तीन हजार किलोमीटरवर गेली होती.

हे आपल्याला कळलं कसं, ते बघण्यासारखं आहे. कॉलरचा पट्टा मजबूत, त्याला बॅटरी आणि जीपीएसचा डबा. डबा आकाशातल्या उपग्रहांचे संकेत पकडून आपण कुठे आहोत ते मोजतो, आणि ती जागा दुसऱ्या उपग्रहामार्फत अभ्यासकांच्या संगणकावर पाठवतो. आपल्या मोबाइलमधलं जीपीएस पहिलं काम करतं, पण दुसऱ्यासाठी त्याला टॉवर लागतो. कॉलरला टॉवर लागत नाही. वॉकरच्या कॉलरने तासातासाला नोंदी करून पाच हजारांहून जास्त जागा टिपल्या. पूर्वी असं नव्हतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत यलोस्टोनच्या अस्वलांवर क्रेगहेड बंधूंनी रेडिओ पट्टे वापरले, १९७० च्या दशकात नेपाळच्या चितवनात वाघांना ते बांधले गेले, १९९० मध्ये उल्हास कारंथांनी नागरहोळेत तेच काम केलं. त्या पट्ट्यांतून नुसती टिकटिक यायची. अभ्यासक हातात अँटेना धरून रानोमाळ फिरायचा आणि आवाज कुठल्या अंगाला मोठा होतो ते पाहून वाघाचा अदमास बांधायचा.

वॉकरच्या नोंदींनी काय सांगितलं? आपण शाळेत शिकलो तो नकाशा वाघाच्या नकाशाशी जुळत नाही, हे सांगितलं. आपल्या नकाशावर टिपेश्वर हा हिरवा ठिपका, ज्ञानगंगा हा दुसरा ठिपका, आणि मधली सगळी जागा पांढरी. तीच पांढरी जागा त्याने पायाखाली घातली. रात्री चालायचं, दिवसा झुडपांत दडायचं. नाल्यांच्या कडेने, शिवारांमधून, रस्ते ओलांडत. पऱ्हाटी आणि तुरीने भरलेल्या रानांतून, जागलीवर बसलेल्या माणसांच्या आसपासून तो गेला असणार. एवढ्या सगळ्या वाटेत माणसाशी त्याची झटापट झाल्याची गोष्ट एकच सांगितली जाते. काही लोक तो पडला होता त्याच झुडपात अजाणता शिरले आणि एक जण जखमी झाला. जखम गंभीर नव्हती. वाघ म्हटलं की आपल्या मनात जे येतं, त्यापेक्षा हे फार निराळं आहे. आणि आणखी एक, पट्टा होता म्हणूनच तो कुठल्या गावाच्या अंगाला आहे हे वनखात्याला कळत होतं, त्या गावाला सावध करता येत होतं.

गुरुजी, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. पट्टा काही वाघाच्या सुखाचा नाही. भूल देण्यात धोका असतो, गळ्यात ओझं असतं, आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं. पण त्या ओझ्याचा लाभ त्याच्याच जातीला आणि वाटेवरच्या गावांना मिळतो, आणि काम झालं की पट्टा उतरवतात. भाच्याच्या ड्रोनचं ओझंही जनावरानेच वाहायचं, पण लाभ मात्र भाच्याच्या मोबाइलला.

‘ड्रोनचं कसलं ओझं? तो तर हवेत असतो,’ असं कोणी म्हणेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग अमेरिकेतल्या मिनेसोटा इथलं २०१५ चं एक संशोधन वाचनात आलं. तिथल्या काळ्या अस्वलांच्या शरीरात हृदयाचे ठोके मोजणारी बारीक यंत्रं बसवली होती, आणि गळ्यात जीपीएस पट्टे होते. अभ्यासकांनी त्यांच्यावरून ड्रोन उडवला. अस्वलं बहुतेक वेळा जागची हलली नाहीत. बघणाऱ्याला वाटावं, यांना काही फरक पडत नाही. पण आतले ठोके भलतंच सांगत होते. एका अस्वलाचे ठोके मिनिटाला १२३ ने वाढले होते. चितळांचा कळप ड्रोनखाली निवांत चरताना दिसला, म्हणून तो निवांत आहे असं धरून चालू नये, एवढं मी त्यातून शिकलो.

तसं मला आधी एका गाइडने शिकवलंच होतं. खूप वर्षांपूर्वी दर तासाला टुक करून वाजणारं घड्याळ माझ्या हातात होतं. टिपेश्वरला माथनीच्या बाजूने आत गेलो होतो, पाणवठ्यावर चितळं उतरली होती, आणि सातच्या ठोक्याला घड्याळ वाजलं. सगळ्या माना एकदम वर. गाइडने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, “थे घड्याळ खिशात टाका भाऊ. याचं इथं काही काम नाही.” तेव्हापासून कुठलंही यंत्र घेऊन निघताना ‘याचं तिथं काही काम आहे का’ हे मी स्वतःला विचारतो. या लेखमालेचं मूळही तेच आहे.

यंत्रांवर माझं प्रेम आहे, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. पण यंत्रं आणली म्हणजे रान आपल्या मुठीत आलं, असं होत नाही. २०१८ च्या पावसाळ्यानंतरचे ते दिवस आपल्या जिल्ह्यात कोण विसरेल? राळेगाव-पांढरकवडा भागात वाघाच्या हल्ल्यांत तेरा माणसांचे जीव गेल्याचं सांगितलं जात होतं. बाया वेचणीला शेतात जायला धजत नव्हत्या. अवनीच्या शोधासाठी ट्रॅप कॅमेरे लागले, उष्णता टिपणारे ड्रोन आले, पॅराग्लायडर आले, शिकारी कुत्रे आले, हत्ती आले. त्यांतला एक हत्ती सुटला आणि एका महिलेचा जीव गेला. परदेशी अत्तराचीही मदत घेतली गेली. ते अत्तर म्हणजे केल्विन क्लाइनचं ‘ऑब्सेशन’. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात काही वर्षांपूर्वी निरनिराळी अत्तरं मार्जारकुळातल्या प्राण्यांपुढे ठेवून पाहिली होती, तेव्हा याच्यापाशी ते सगळ्यात जास्त वेळ घुटमळले. उदमांजराच्या ग्रंथीत सापडणाऱ्या गंधाशी त्याच्यातला एक घटक मिळताजुळता आहे. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या परिसरात अवनी मारली गेली. बरोबर काय होतं, चूक काय, यावर आजही घराघरात दोन मतं आहेत. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराचं दुःख आणि वाघिणीच्या मरणाचं दुःख मला एकमेकांसमोर तोलता येत नाही. प्रवाशापुरता एक धडा तेवढा उचलतो : सफारीला निघताना अंगावर अत्तर नको. आपल्याला जो मंद सुवास वाटतो, तो रानात मोठी हाळी असते.

आता मोबाइल. गुरुजींनी त्याबद्दल विचारलेलं नाही, पण ड्रोनपेक्षा जास्त काळजी मला त्याची वाटते. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांच्या मध्ये अडकले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. एका गाडीला वाघ दिसतो, फोन जातो, आणि पाच मिनिटांत जिप्सींची रांग लागते. ही गर्दी फोनच जमवतो. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. मोबाइलने काढलेल्या फोटोत, सोय सुरू असेल तर, जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले राहतात. फोटो पुढे सरकत कोणाच्या हाती पडेल, कोणी सांगावं? २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या एका वाघाच्या कॉलरची माहिती ज्या ईमेलवर येत होती, त्या खात्यात शिरण्याचा प्रयत्न झाला. अभ्यासक होते डेहराडूनला, आणि प्रयत्न झाल्याची नोंद उमटली होती पुण्यातून. तो फसला. पण वाघाचा ठावठिकाणा कोणाला तरी हवा असतो, हे त्यातून कळलं. म्हणून रानात मोबाइल बंद, आणि जागेची नोंद करणारी सोय घरूनच बंद करून निघायचं.

‘मग न्यायचं तरी काय?’ असं भाचा विचारेल. दुर्बीण. प्रवासाच्या साऱ्या यंत्रांत मला सगळ्यात सभ्य वाटतं ते हेच. तिला बॅटरी नाही, आवाज नाही, ती काही पाठवत नाही. दुर्बिणीवर ‘८ × ४२’ असं छापलेलं असतं. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. बेचाळीसला आठाने भागलं की सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटरची प्रकाशाची चकती डोळ्यात शिरते, आणि पहाटेच्या धूसर उजेडातही सागाच्या पानाआडचे पट्टे उमटतात. बारापट, सोळापटीच्या मोहात पडू नये. हलत्या जिप्सीत ते चित्र स्थिर राहत नाही.

पट्ट्यांवरून आठवलं. २०२४ च्या डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात ट्रॅप कॅमेऱ्यात अचानक एक वाघ दिसला. त्याच्या गळ्यात कॉलर नव्हती. अभ्यासकांनी अंगावरचे पट्टे जुन्या फोटोंशी ताडून पाहिले, आणि तो निघाला आपल्या टिपेश्वरचा. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखी प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांची ठेवण निराळी असते. झाडाला मुकाट बांधलेल्या एका कॅमेऱ्याने एवढं सांगितलं, आणि त्यासाठी वाघाच्या अंगावर कसलंही ओझं आलं नाही.

तर गुरुजी, भाच्याला माझा निरोप द्या. ड्रोन वाईट नाही. परवानगी असलेल्या मोकळ्या जागी, माणसं आणि पाखरं नसताना, तो खुशाल उडव म्हणावं. टिपेश्वरला मात्र दुर्बीण घेऊन परत ये. टिपाई देवीच्या देवळावरून या रानाला नाव मिळालं, तेही त्याला सांगा. आणि कुठलंही यंत्र पिशवीत टाकण्याआधी त्याने विचारावं : याचं ओझं मी वाहणार आहे, की दुसऱ्या कोणाच्या गळ्यात पडणार आहे?

उपग्रह-निरोपाचं यंत्र पुढच्या रविवारी, नक्की. वॉकरच्या गळ्यातल्या यंत्राचंच ते एक धाकटं भावंड आहे. पण आपल्या देशात ते परवानगीशिवाय जवळ बाळगलं तर विमानतळावरच प्रवास थांबू शकतो. तो कायदा १८८५ सालापर्यंत मागे जातो, म्हणून त्याला सबंध हप्ता हवा.