खुबा बदलला, नस नाही मारली

रिसोडहून कोणी अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला खुब्याचा गोळा बदलायला निघालं, की निघण्याआधीच चार जण सल्ला देऊन जातात. "डॉक्टरले सांगजा, नस नोका मारू म्हना. पाय कामातून जाईन." संमतीपत्रावर 'नर्व्ह ब्लॉक' लिहिलेलं असतं आणि ब्लॉक म्हटलं की आपल्याला हृदयातला अडथळाच आठवतो. त्यात 'नस' आपण रक्तवाहिनीलाही म्हणतो आणि मज्जातंतूलाही. घोळ तिथूनच सुरू होतो.

ब्लॉकमध्ये काही कापत नाहीत, जाळत नाहीत. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचं टोक बघत भूलतज्ज्ञ जांघेजवळ बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन सोडतात. दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही, आणि औषध उतरलं की तंतू पूर्वीसारखा चालू होतो. कायमची इजा होऊ शकते, पण ती दहा हजारांत साधारण २ ते ४ जणांना.

"पाठीत सुई दिली ना, मग ही अजून कायले?" हा प्रश्न रास्त आहे. पाठीतली भूल ऑपरेशनपुरती, काही तासांत उतरणारी. पुढची रात्र ब्लॉक सांभाळतो.

पाय ढिला पडण्याची भीती मात्र अगदीच खोटी नाही. मांडीच्या मुख्य तंतूलाच औषध दिलं तर पुढचा स्नायू सैल पडतो आणि उभं राहताना गुडघा अचानक मुडपतो. २०१८ साली टोरांटोच्या डॉक्टरांनी मांडलेल्या 'पेंग' ब्लॉकमध्ये सांध्याच्या पुढच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक फांद्याच बधिर करतात, त्यामुळे ताकद बरीचशी टिकते. तरी औषध थोडं पसरतंच. म्हणून पहिल्यांदा उठताना हातात वॉकर आणि बाजूला माणूस हवाच. रात्री कोणाला न उठवता संडासला निघालेले आजोबा, खरी काळजी त्यांची.

सगळ्यात महागात पडतो तो हा समज: दुखतच नाही, मग गोळ्या कशाला? एका सुईचा असर साधारण १२ ते २४ तास. शिवाय खुब्याची मागची बाजू आणि कातडी वेगळ्या तंतूंकडे, ती या ब्लॉकमध्ये पुरती येत नाही. असर उतरतो तो पुष्कळदा ऐन रात्री, आणि ठणका एकदम चढतो. तेव्हा गोळीची पुडी शोधण्यात अर्थ नसतो. पॅरासिटामॉल दुखायच्या आधी, ठरल्या वेळेलाच पोटात जायला हवी. दुखणं सोसणाऱ्याचं आपल्याकडे भारी कौतुक होतं. पण सोसणारा हलत नाही, पडून राहतो, आणि पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो.

हे सगळं म्हाताऱ्यांचंच, असंही नाही. विदर्भात सिकलसेलमुळे गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तरण्या पोरांचाही खुबा बदलावा लागतो. सिकलसेल असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगावं. आणि सुई देताना कानात गुणगुण झाली, ओठ बधिरले, तोंडाला लोखंडासारखी चव आली, तर तेही त्याच क्षणी: औषध रक्तात जास्त गेल्याची ही पहिली खूण असते.