अमेरिकेतील भ्रूण मूलपेशी संशोधनाच्या सरकारी निधीचा वाद

अमेरिकेतील भ्रूण मूलपेशी संशोधनाच्या सरकारी निधीचा वाद हा मानवी भ्रूणापासून मिळवलेल्या मूलपेशींवरील (स्टेम सेल) संशोधनासाठी करदात्यांचा पैसा वापरावा की नाही, या प्रश्नावरील धार्मिक, नैतिक आणि राजकीय वाद आहे. १९९८ नंतर तो तीव्र झाला आणि पुढील सुमारे पंधरा वर्षे अध्यक्ष, संसद (काँग्रेस) व न्यायालये या तिन्ही स्तरांवर चालला. हा वाद संशोधनावरील बंदीविषयी होता, असा समज आढळतो. प्रत्यक्षात खासगी पैशातून होणाऱ्या अशा संशोधनावर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदी घातलेली नव्हती. समाजातील मोठा वर्ग ज्या कृत्याला जीवहत्या मानतो, त्याच्याशी जोडलेल्या कामाला त्याच वर्गाच्या करातून पैसा द्यावा का, हा वादाचा गाभा होता.

पार्श्वभूमी

स्वतःसारख्या पेशी निर्माण करत राहण्याची आणि विशिष्ट कार्याच्या पेशींत रूपांतरित होण्याची क्षमता असलेल्या पेशींना मूलपेशी म्हणतात. प्रौढ शरीरातील मूलपेशी, उदाहरणार्थ अस्थिमज्जेतील पेशी, ठरावीक प्रकारच्याच पेशी तयार करतात. भ्रूण मूलपेशींपासून मात्र शरीरातील जवळजवळ कोणतीही पेशी तयार होऊ शकते. त्यामुळे मधुमेह, कंपवात आणि मज्जारज्जूची इजा यांवरील उपचारांसाठी त्यांच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या. या पेशी फलनानंतर सुमारे पाच दिवसांच्या भ्रूणातून काढल्या जातात आणि त्या प्रचलित पद्धतीने काढताना भ्रूण नष्ट होतो. असे भ्रूण बहुधा आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) उपचारानंतर उरलेले व गोठवून ठेवलेले असतात.

नोव्हेंबर १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स थॉमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या करून त्या प्रयोगशाळेत वाढवल्याचे जाहीर केले. या कामासाठी संघीय सरकारचा पैसा वापरता येत नसल्याने जेरॉन या खासगी कंपनीचे साहाय्य घेण्यात आले होते.

डिकी–विकर दुरुस्ती

या निर्बंधाचे मूळ १९९६ मध्ये लागू झालेल्या डिकी–विकर दुरुस्तीत आहे. आरोग्य खात्याच्या वार्षिक विनियोजन विधेयकाला जोडलेल्या या कलमाने संशोधनासाठी मानवी भ्रूण निर्माण करणे, तसेच ज्यात भ्रूण नष्ट होतो वा जाणूनबुजून धोक्यात टाकला जातो असे संशोधन, यांसाठी संघीय निधी वापरण्यास मनाई केली. ही दुरुस्ती त्यानंतर दरवर्षी पुन्हा जोडली गेली. गर्भपातासाठी संघीय निधी नाकारणारी १९७६ ची हाइड दुरुस्ती याच धर्तीची होती. दोन्हींत कृत्य बेकायदा न ठरवता सरकारी तिजोरी त्यापासून दूर ठेवण्यात आली.

जानेवारी १९९९ मध्ये आरोग्य खात्याच्या विधी विभागाने या दुरुस्तीचा असा अर्थ लावला की, मूलपेशी स्वतः भ्रूण नाहीत; म्हणून त्या मिळवण्यासाठी नव्हे, पण मिळालेल्या पेशींवरील संशोधनासाठी निधी देता येईल. पेशी ‘मिळवणे’ आणि पेशी ‘वापरणे’ यांतील हा भेद पुढील सर्व धोरणांचा पाया ठरला. दोन्ही कृती नैतिकदृष्ट्या अविभाज्य आहेत, असा विरोधकांचा आक्षेप होता.

धार्मिक भूमिका

या वादाचे वर्णन अनेकदा ‘धर्म विरुद्ध विज्ञान’ असे केले जाते. परंतु धार्मिक परंपरांमध्येच याविषयी मतभेद होते.

रोमन कॅथलिक चर्चच्या शिकवणीनुसार मानवी जीवनाचा आदर फलनाच्या क्षणापासून राखला पाहिजे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी जुलै २००१ मध्ये अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या भेटीत भ्रूणांच्या अशा वापराला विरोध नोंदवला. प्रौढ मूलपेशींवरील संशोधनाला मात्र चर्चचा पाठिंबा आहे. सदर्न बॅप्टिस्ट व इतर इव्हँजेलिकल पंथांनीही भ्रूण नष्ट करण्यास विरोध केला. याउलट प्रेस्बिटेरियन चर्च (यू.एस.ए.) सारख्या प्रोटेस्टंट पंथांनी मर्यादित स्वरूपात अशा संशोधनाला संमती दिली.

ज्यू धर्मशास्त्रात पहिल्या चाळीस दिवसांतील गर्भाला पूर्ण मानवी दर्जा दिलेला नाही आणि जीव वाचवणे हे श्रेष्ठ कर्तव्य मानले आहे. त्यामुळे सनातनी ज्यू संघटनांनीही उरलेल्या भ्रूणांच्या वापराला अनुकूलता दर्शवली. गर्भात आत्म्याचा प्रवेश १२० व्या दिवशी होतो, असे अनेक मुस्लिम विधिज्ञ मानतात; तेथेही भूमिका तुलनेने उदार आहे.

गर्भपाताला विरोध करणारे मॉर्मन पंथीय सेनेटर ऑरिन हॅच यांनी या संशोधनाला पाठिंबा दिला. जीवनाचा आरंभ मातेच्या गर्भाशयात होतो, शीतपेटीत नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. दुसरीकडे, आपला आक्षेप धार्मिक नसून भ्रूण हा जीवशास्त्रीयदृष्ट्या मानवी सजीव आहे या वस्तुस्थितीवर आधारलेला आहे, असे अनेक विरोधकांचे म्हणणे होते.

२००१ चे धोरण

बुश यांनी ९ ऑगस्ट २००१ रोजी दूरचित्रवाणीवरील भाषणात तडजोडीचे धोरण जाहीर केले. त्या दिवसापूर्वी तयार झालेल्या पेशीवंशांवरील, म्हणजे एकाच भ्रूणापासून वाढवत नेलेल्या पेशींच्या संचांवरील संशोधनालाच संघीय निधी मिळणार होता. त्या भ्रूणांचा नाश आधीच झालेला आहे, मात्र यापुढील नाशाला सरकारने उत्तेजन देऊ नये, असा त्यामागील विचार होता. भ्रूण मूलपेशी संशोधनाला संघीय निधी प्रत्यक्षात याच धोरणामुळे प्रथम मिळाला.

साठाहून अधिक पेशीवंश पात्र असल्याचे सांगण्यात आले होते. राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या (एनआयएच) यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे सात आणि बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे तीन पेशीवंश होते. तथापि, संशोधकांना प्रत्यक्ष उपलब्ध झालेले पेशीवंश सुमारे २१ च होते आणि त्यांत या भारतीय पेशीवंशांचा समावेश नव्हता. नव्या पेशीवंशांवर खासगी निधीतून काम करणाऱ्या प्रयोगशाळांना संघीय पैशातून घेतलेली उपकरणे आणि जागा वेगळी ठेवावी लागे.

संसद आणि नकाराधिकार

उरलेल्या भ्रूणांपासून मिळवलेल्या नव्या पेशीवंशांनाही निधी देणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने मे २००५ मध्ये २३८ विरुद्ध १९४ आणि सेनेटने जुलै २००६ मध्ये ६३ विरुद्ध ३७ मतांनी संमत केले. १९ जुलै २००६ रोजी बुश यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. त्यांच्या कारकिर्दीतील हा पहिलाच नकाराधिकार होता. तो रद्द करण्यासाठी आवश्यक असलेले दोन-तृतीयांश बहुमत प्रतिनिधिगृहात मिळाले नाही. अशाच दुसऱ्या विधेयकावर त्यांनी जून २००७ मध्ये नकाराधिकार वापरला.

दरम्यान काही राज्यांनी स्वतंत्र मार्ग काढला. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर २००४ मध्ये ‘प्रस्ताव ७१’ मंजूर करून या संशोधनासाठी ३ अब्ज डॉलरच्या रोख्यांना संमती दिली.

२००९ नंतर

अध्यक्ष बराक ओबामा यांनी ९ मार्च २००९ रोजी कार्यकारी आदेशाद्वारे बुश यांचे निर्बंध उठवले. त्यानंतरच्या नियमांनुसार आयव्हीएफमध्ये उरलेले, दात्यांनी मोबदला न घेता व लेखी संमतीने दिलेले भ्रूणच ग्राह्य धरण्यात आले. नवे पेशीवंश तयार करण्यासाठी मात्र संघीय निधी मिळाला नाही, कारण डिकी–विकर दुरुस्ती कायम होती.

या नियमांना ‘शर्ली विरुद्ध सिबेलियस’ खटल्यात आव्हान देण्यात आले. ऑगस्ट २०१० मध्ये जिल्हा न्यायाधीश रॉइस लॅम्बर्थ यांनी निधीवाटपाला तात्पुरती मनाई केली. अपील न्यायालयाने एप्रिल २०११ मध्ये ही मनाई रद्द करून ‘मिळवणे’ आणि ‘वापरणे’ हा भेद ग्राह्य मानला. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिल्याने खटला संपला.

प्रेरित मूलपेशी

जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये मानवाच्या प्रौढ पेशींना पुन्हा भ्रूण मूलपेशींसारखे रूप दिले. या कार्यासाठी त्यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक जॉन गर्डन यांच्यासह मिळाले. या पेशींसाठी भ्रूण नष्ट करावा लागत नसल्याने वादाची तीव्रता कमी झाली. तरीही तुलनेचा मापदंड म्हणून भ्रूण मूलपेशींची गरज संपलेली नाही.

अन्य देशांशी तुलना

ब्रिटनमध्ये परवाना पद्धतीने अशा संशोधनास मुभा आहे. जर्मनीच्या २००२ च्या कायद्याने ठरावीक तारखेपूर्वी परदेशात तयार झालेल्या पेशीवंशांचीच आयात करता येते. भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उरलेल्या भ्रूणांचा वापर संमतीने करता येतो. १४ दिवसांपलीकडे भ्रूण वाढवण्यास मनाई आहे. या देशांचे नियम पैसा कोणाचा आहे यावर अवलंबून नाहीत. अमेरिकेत मात्र संघीय पातळीवरील मुख्य मर्यादा निधीच्या अटींतून आल्यामुळे एकच प्रयोग एका खोलीत वर्ज्य आणि शेजारच्या खोलीत वैध ठरू शकत होता.