इंजिन का तापते?

आज पुष्कळ गावांत ट्रॅक्टर आहेत, जीप आहेत, टेम्पो आहेत. लहानसहान दुरुस्ती आपल्याला आली, तर पैसा वाचतो. ऐन पेरणीत खोळंबा होत नाही. म्हणून इंजिन का तापते, ते आज आपण पाहू.

इंजिनात डिझेल किंवा पेट्रोल जळते. त्याची उष्णता फार मोठी. ती बाहेर काढली नाही, तर आतले भाग फुगतात आणि इंजिन धरते. मग खर्च हजारांच्या घरात जातो. म्हणून इंजिनाभोवती पाणी खेळवतात. हे पाणी रेडिएटरमध्ये येते, वाऱ्याने गार होते आणि पुन्हा इंजिनात जाते.

पण इंजिन फार गार असले, तरी बरे नाही. गार इंजिन इंधन जास्त खाते आणि लवकर झिजते. मग पाणी कधी अडवायचे आणि कधी सोडायचे? शेतात दारे धरायला माणूस लागतो. इंजिनात हे काम थर्मोस्टॅट करतो.

थर्मोस्टॅट म्हणजे धातूची एक लहान झडप. तिच्या पोटात मेण असते. पाणी सुमारे ८० ते ९० अंशांपर्यंत तापले, की मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. पाणी निवले, की स्प्रिंग झडप मिटवते.

झडप मिटलेलीच राहिली, तर इंजिन उकळते. उघडीच राहिली, तर इंजिन नीट गरम होत नाही. काही जण थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. तसे करू नये.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका! आत कुकरसारखा दाब असतो. झाकण फिरवताच उकळते पाणी तोंडावर उडते. माणूस भाजतो, डोळे जातात. इंजिन पुरते गार होऊ द्या. हात लावून पाहा, मगच झाकण उघडा.

थर्मोस्टॅट बदलायचा कसा? आधी रेडिएटरमधले पाणी भांड्यात काढा. बहुतेक जुन्या इंजिनांत वरची जाड रबरी नळी जिथे इंजिनाला मिळते, तिथे तो असतो. तिथले बोल्ट पान्याने सोडा. तो कसा बसला आहे, हे आधी पाहून ठेवा. मेणाची बाजू इंजिनाकडे असते. उलटा बसवला, तर काम बिघडते.

काढलेला थर्मोस्टॅट तपासता येतो. जुन्या भांड्यात पाणी घ्या. त्यात तो दोरीने लोंबता ठेवा आणि पाणी तापवा. उकळी येईपर्यंत झडप उघडली नाही, तर तो बाद समजा.

नवा बसवताना जुने पॅकिंग खरवडून काढा आणि नवे घाला. बोल्ट थोडे थोडे, सारखे आवळा. पाणी व कूलंट भरा. मग गाडी मोकळ्या जागेत सुरू करा. बंद खोलीत इंजिनाचा धूर जीव घेतो. कुठे गळते का, ते पाहा. इंजिन निवल्यावर पाणी कमी झाले असेल, तर पुन्हा भरा.

कूलंट गोडसर लागते, पण ते विष आहे. मुलांपासून, कुत्र्यांपासून, गुराढोरांपासून ते दूर ठेवा. ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

इंजिन तापले, म्हणजे थर्मोस्टॅटच बिघडला असे नाही बरं का! आधी साध्या गोष्टी पाहा. पाणी कमी आहे का? नळी फुटली आहे का? पंख्याचा पट्टा सैल आहे का? रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकला आहे का? मळणीच्या दिवसांत हे नेहमी होते. इंजिन बंद करूनच जाळी साफ करा.

काही नव्या गाड्यांत थर्मोस्टॅट आत खोल बसवलेला असतो. तिथे मिस्त्रीला बोलवावे.

आणि वाटेत काटा लाल खुणेवर गेला, तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, लोखंड तडकते. अर्धा-पाऊण तास थांबा. तेवढा वेळ गेला, तरी इंजिन वाचते.