पक्ष अनेक, मतदार एकच
भिवंडीतील लोकप्रतिनिधींचे कर्तव्य आणि त्यांच्या हाती असलेली आयुधे

पक्षनिष्ठा मोठी की मतदारांशी असलेली बांधिलकी, हा वाद जुनाच आहे. भिवंडीत मात्र तो रोजच्या जगण्याचा प्रश्न बनला आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत या मतदारसंघाने राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे सुरेश म्हात्रे यांना दिल्लीस पाठविले. त्याच वर्षी विधानसभेसाठी भिवंडी पूर्वेतून समाजवादी पक्षाचे रईस शेख, पश्चिमेतून भाजपचे महेश चौघुले आणि ग्रामीणमधून शिवसेनेचे शांताराम मोरे विजयी झाले. जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या महापालिका निवडणुकीतही ९० जागांपैकी काँग्रेसला ३०, तर भाजपला २२ जागा मिळाल्या आणि स्पष्ट बहुमत कुणालाच लाभले नाही. सात लाखांहून अधिक लोकवस्तीच्या या शहरातील यंत्रमाग कामगाराचे प्रतिनिधी असे परस्परविरोधी गोटांत विखुरलेले आहेत. त्याने गाऱ्हाणे घेऊन जायचे तरी कुणाकडे?

प्रश्न एक, कार्यालये अनेक

भिवंडीतील बहुतेक प्रश्न कोणत्याही एका पक्षाच्या वा एका कार्यालयाच्या हाती नाहीत. शहराला पाणी पुरविणाऱ्या 'स्टेम' कंपनीत ठाणे, भिवंडी व मीरा-भाईंदर या महापालिकांसह ठाणे जिल्हा परिषदही भागीदार आहे. काही पाणी मुंबई महापालिकेकडून, तर काही वऱ्हाळ तलावातून मिळते. वीज महावितरणची असली, तरी तिचे वितरण जानेवारी २००७ पासून टोरंट पॉवर ही खासगी कंपनी फ्रँचायझी म्हणून पाहते. रस्त्यांचेही तसेच आहे. कुठला पालिकेचा, कुठला सार्वजनिक बांधकाम खात्याचा, तर मुंबई-नाशिक महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. साहजिकच खड्डा बुजविण्यासाठीही अनेकदा एका पक्षाच्या प्रतिनिधीला दुसऱ्या पक्षाच्या मंत्र्याचे दार ठोठवावे लागते.

पक्षादेश कुठवर?

'पक्षाची भूमिका आड आली', असे कारण लोकप्रतिनिधी अनेकदा पुढे करतात. वस्तुतः १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्षाचा सदस्य प्रामुख्याने दोन कारणांनी अपात्र ठरतो. स्वेच्छेने पक्षत्याग करणे हे पहिले, तर पक्षादेश डावलून सभागृहात मतदान करणे किंवा मतदानास गैरहजर राहणे हे दुसरे. आपल्या भागातील पाण्याचा प्रश्न मांडण्यास, विरोधी पक्षाच्या मंत्र्यास निवेदन देण्यास अथवा शेजारच्या मतदारसंघातील प्रतिस्पर्धी आमदारासह एकाच बैठकीस बसण्यास हा कायदा मनाई करीत नाही.

विरोधी बाकांवरील सदस्यही निःशस्त्र नसतो. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्थसंकल्पावरील कपात सूचना ही आयुधे प्रत्येक सदस्यास आहेत. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन पाळले गेले की नाही, हे पाहण्यासाठी आश्वासन समिती असते. मात्र ही आयुधे सभागृह चालले तरच उपयोगी पडतात. गदारोळात प्रश्नोत्तराचा तास वाहून गेला, तर लेखी उत्तर कदाचित मिळते, परंतु उपप्रश्न विचारून मंत्र्यास कोंडीत पकडण्याची संधी हुकते. घोषणाबाजीने पक्षाचे समाधान होत असेल, मतदारांचा मात्र तास बुडतो.

निधीचे गणित

आमदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात, खासदार निधीही तेवढाच आहे. हा पैसा प्रतिनिधीच्या हाती येत नाही. त्याने काम सुचवायचे, मंजुरी व खर्च जिल्हा प्रशासनाने करायचा. सत्तेत असो वा नसो, हा हक्काचा निधी सर्वांस सारखाच असतो. खरी तफावत पडते ती त्यापलीकडे, म्हणजे खात्यांच्या विशेष निधीत आणि पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीत. सत्ताधाऱ्यास झुकते माप मिळते, ही विरोधकांची तक्रार राज्यात सत्ता कुणाचीही असली तरी ऐकू येते. निधी अडविल्याने गैरसोय होते ती आमदाराची कमी आणि मतदाराची अधिक, कारण कर भरताना त्याला कुणी पक्ष विचारलेला नसतो.

भिवंडीने मोजलेली किंमत

मतदारांचा कौल आणि सत्तेची जुळवाजुळव यांत किती अंतर पडू शकते, हे भिवंडीने डिसेंबर २०१९ मध्ये पाहिले. ९० सदस्यांच्या सभागृहात काँग्रेसचे ४७ नगरसेवक होते. तरीही त्यांतील १८ जणांनी पक्षाविरुद्ध मतदान केले आणि अवघे ४ नगरसेवक असलेल्या कोणार्क विकास आघाडीच्या प्रतिभा पाटील ४९ विरुद्ध ४१ मतांनी महापौर झाल्या. फुटीर नगरसेवकांच्या अपात्रतेचा वाद पुढे दीर्घकाळ चालला. जून २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि पुढील निवडणुकीपर्यंत साडेतीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. प्रभागातील तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन जायला नगरसेवकच उरला नाही.

नगरसेवक पुन्हा आले असले, तरी बहुमत कुणाकडेच नसल्याने प्रत्येक ठरावासाठी तडजोड अटळ आहे. तडजोड म्हणजे लाचारी नव्हे. पाणी, रस्ते, धोकादायक इमारती अशा ठरावीक विषयांवर खासदार, तिन्ही आमदार आणि पालिका यांनी संयुक्त मागणी केल्यास ती अव्हेरणे कोणत्याही सरकारला जड जाईल.

मतदारांचीही यात भूमिका आहे. 'काम झाले का', एवढे विचारून थांबू नये. आपल्या प्रतिनिधीने या अधिवेशनात कोणते प्रश्न मांडले, निधीतून कोणती कामे सुचविली, कोणत्या आश्वासनाचा पाठपुरावा केला, हेही विचारावे. मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह असते हे खरे, पण निवडून आलेला सदस्य ज्यांनी मत दिले नाही त्यांचाही प्रतिनिधी असतो.