खोक्यावरची तारीख बुटावर का नाही?

गेल्या हिवाळ्यात महाविद्यालयातील वीस-बावीस विद्यार्थ्यांसमवेत हरिश्चंद्रगडावर जाण्याचा योग आला. खिरेश्वरहून टोलारखिंडीमार्गे वर, एक मुक्काम देवळाच्या परिसरात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने खाली, असा साधा बेत होता. खिंडीच्या वरचा कातळटप्पा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल, की तेथे लोखंडी कठडे असले तरी उतरताना सारी भिस्त पायातल्या जोड्यावरच असते. नेमक्या त्याच ठिकाणी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षातील एका मुलाच्या उजव्या बुटाचा तळ पक्ष्याच्या चोचीसारखा उघडला. तो चार-पाच फूट घसरला, कठड्याला अडकला, मनगट सोलवटून निघाले. याहून अधिक काही झाले नाही. मात्र आणखी दहा मिनिटांतच डाव्या बुटाचीही तीच गत झाली. आमच्या वाटाड्याने कमरेच्या पिशवीतून सुतळी काढून दोन्ही तळ बांधून दिले. वाटाड्याच्या स्वतःच्या पायांत गावच्या बाजारात मिळणारे साधे रबरी बूट होते, आणि त्यांना काहीही झाले नव्हते.

बूट नवे होते. सवलतीच्या विक्रीत, मूळ किमतीच्या चाळीस टक्के सूट देऊन, दोन महिन्यांपूर्वी घेतलेले. घरात दोनदा घालून पाहण्यापलीकडे त्यांचा वापर झाला नव्हता. पुण्यास परतल्यावर तो मुलगा दुकानात गेला. ‘ही झीज आहे, ती हमीत बसत नाही,’ असे उत्तर त्याला मिळाले. जे चाललेच नाही ते झिजले कसे, हा प्रश्न त्याने विचारला की नाही हे मला माहीत नाही. सुदैवाने त्याच्या आईने बुटाचे खोके जुनी बिले ठेवण्यासाठी राखून ठेवले होते. ते घेऊन तो माझ्याकडे आला. खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत उत्पादनाचा महिना व वर्ष छापले होते. बूट तयार होऊन साडेपाच वर्षे उलटली होती.

येथे थोडे रसायनशास्त्र सांगणे भाग आहे. ते मी आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांकडून समजून घेतले. हल्लीच्या गिर्यारोहणाच्या बुटांत बाहेरचा रबरी तळ आणि वरचा भाग यांच्यामध्ये एक हलका, मऊ थर असतो. तो बहुधा पॉलियुरिथेनच्या फेसाचा असतो. पाऊल मऊ पडते, वजन कमी राहते, म्हणून तो गिऱ्हाइकाला आवडतो. परंतु या पदार्थाच्या रेणूंमधील बंध हवेतील बाष्पाने हळूहळू तुटत जातात. यास जलीय विच्छेदन म्हणतात. दमटपणा व उष्णता जितकी अधिक, तितका त्याचा वेग अधिक. सामान्यतः पाच ते दहा वर्षांच्या सुमारास हा थर ठिसूळ होतो आणि मग एखाद्या दिवशी, वजन पडताच, शिळ्या केकसारखा त्याचा भुगा होतो. विलक्षण गोष्ट अशी, की त्यासाठी बूट वापरावाच लागतो असे नाही. कपाटात जपून ठेवलेला बूट नित्य वापरातल्या बुटाच्या आधी संपतो, असा अनुभव उत्पादकही सांगतात. बाहेरून चामडे तुकतुकीत, शिवण शाबूत, नाड्या कोऱ्या. आत मात्र तळ निकामी झालेला. कोकणात किंवा मुंबईत, जेथे चार महिने पुस्तकांनाही बुरशी येते, तेथे गोदामात काढलेली पाच वर्षे काय करत असतील याची कल्पना करावी.

हे वाचताना मला कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवावरील मोहिमेची आठवण होते. परतीच्या वाटेसाठी त्याने ठिकठिकाणी अन्न व रॉकेल यांचे साठे करून ठेवले होते. फेब्रुवारी-मार्च १९१२ मध्ये, ध्रुवावरून परतताना, एकामागून एका साठ्यावर तेल कमी भरू लागले. डबे तेथेच होते, कोणी हात लावला नव्हता, तरी आतले तेल उणे झाले होते. डब्यांच्या बुचांना चामड्याच्या चकत्या होत्या. कडाक्याच्या थंडीत त्या दगा देत आणि तेल निसटून जाई. बर्फ वितळवून पाणी करावयाचे ते याच तेलावर. मार्चच्या अखेरीस पुढच्या मोठ्या साठ्यापासून अवघ्या ११ मैलांवर स्कॉट व त्याचे दोन सोबती तंबूत मरण पावले. मृत्यूची कारणे अनेक होती आणि केवळ तेलावर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. पण तेलाची टंचाई हे त्यांतील एक होते, हे स्कॉटच्या रोजनिशीवरून दिसते. त्याच सुमारास त्याच खंडावर असलेल्या आमुंडसेनने आपले डबे झाळून बंद करविले होते. तेल झिरपते हे पूर्वीच्या मोहिमांतून कळलेच होते. एकाने त्या माहितीचा उपयोग केला, दुसऱ्याने पुरेसा केला नाही.

स्कॉटला निदान आपली सामग्री स्वतः निवडता आली होती. आमच्या विद्यार्थ्याच्या हाती काय होते? अर्थशास्त्रात वस्तूंची एक वर्गवारी आहे. काही वस्तूंचा कस घेण्यापूर्वीच, पाहून, हाताळून कळतो. काहींचा तो वापरल्यानंतरच कळतो. फिलिप नेल्सन या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये हा भेद मांडला. पुढे १९७३ मध्ये डार्बी आणि कार्नी यांनी तिसरा वर्ग सांगितला: वापरूनही ज्यांचा कस सामान्य माणसाला उमगत नाही अशा, केवळ विश्वासावर घ्यावयाच्या वस्तू. डोंगरातील साहित्याची अडचण अशी, की त्याचा खरा कस ज्या क्षणी लागतो त्या क्षणी परीक्षा आणि शिक्षा एकाच वेळी होतात. भाजी किडकी निघाली तर आपण उद्या दुसऱ्या भाजीवाल्याकडे जातो. दोराच्या बाबतीत उद्या असेलच असे नाही.

१९७० सालीच जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा जुन्या मोटारींच्या बाजारावरील प्रसिद्ध निबंध प्रकाशित झाला. (तीन नियतकालिकांनी तो आधी नाकारला होता, २००१ मध्ये त्याच कामासाठी अ‍ॅकरलॉफना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. प्रबंध परत आलेल्या विद्यार्थ्यांना मी ही हकीकत आवर्जून सांगतो.) विकणाऱ्यास मालाचा दोष ठाऊक आणि घेणाऱ्यास नाही, अशी स्थिती असली की चांगला माल हळूहळू बाजारातून हुसकला जातो, हा त्या निबंधाचा गाभा. बुटाच्या प्रकरणात याला आणखी एक पीळ आहे. काउंटरवरच्या पगारी विक्रेत्यासही दोष ठाऊक नसतो. तो बिचारा सांगितलेले पाठ करून बोलतो. ठाऊक असते ते कारखान्याला. आणि जुना साठा सवलतीत काढणाऱ्याला, त्याची इच्छा असेल तर, ठाऊक होऊ शकते. म्हणजे अज्ञान हे साखळीत वरून खाली वाढत जाते आणि सर्वांत शेवटी, सर्वांत कमी पैसे असलेल्या गिऱ्हाइकाच्या पायांत जाऊन पडते. ज्याला पूर्ण किंमत परवडते तो या वर्षीचा माल घेतो. ज्याला परवडत नाही तो सूट पाहून पाच वर्षांपूर्वीचा घेतो आणि आपण चतुराई केली असे समजतो. त्या चाळीस टक्क्यांत उपकार किती आणि उरलेल्या आयुष्याची वजावट किती, हे बिलावर कोठेही लिहिलेले नसते.

सर्वच निराशा फसवणुकीतून येतात असे नाही. पावसाळी डगल्याचे उदाहरण घ्या. ‘पाणी आत येऊ देत नाही, घाम मात्र बाहेर जाऊ देतो’ अशी त्याची कीर्ती. आल्प्सच्या कोरड्या, थंड हवेत ती बरीचशी खरी आहे. अशा कापडातून घामाचे बाष्प बाहेर जाते ते आतील व बाहेरील बाष्पदाबातील फरकामुळे. जुलैत, घाटमाथ्यावर, ढग अंगावरून जात असताना हवा आधीच बाष्पाने तुडुंब असते; फरक उरतोच कोठे? मग मनुष्य पावसाने नव्हे तर स्वतःच्या घामाने भिजतो आणि दुकानदारास दोष देतो. कापड खोटे नव्हते, ते दुसऱ्या हवामानाचे होते. आमच्या लावणीच्या बायका डोईवर इरले घेतात, त्यात चारी बाजूंनी वारा खेळतो. धनगराची घोंगडी भिजली तरी ऊब धरते. यावरून कोणी पूर्वजांच्या थोरवीकडे वळू नये. भिजलेली घोंगडी खांद्यावर घेऊन चढून पाहिल्याखेरीज तिचे गुणगान करण्याचा अधिकार कोणास पोहोचत नाही, असे मला स्वानुभवाने वाटते.

दोराची कथा निराळी, आणि ती अधिक बोलकी आहे. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर व सहा सोबती मॅटरहॉर्न शिखरावर प्रथम पोहोचले. उतरताना एकाचा पाय घसरला, एकमेकांना बांधलेले चौघे ओढले गेले, आणि त्यांना उरलेल्या तिघांशी जोडणारा दोर तुटला. चौघे मेले, तिघे वाचले. वृद्ध वाटाड्याने दोर कापला अशी कुजबुज झाली. चौकशीत तो निर्दोष ठरला. व्हिंपरने नंतर लिहून ठेवले, की त्यांच्यापाशी तीन प्रकारचे दोर होते आणि तुटला तो त्यांपैकी सर्वांत कमकुवत. चांगले दोर पिशवीत शिल्लक होते. तो तुटका तुकडा आजही झेरमाटच्या संग्रहालयात आहे. विशेष म्हणजे लंडनच्या आल्पाइन क्लबने दोरांच्या चाचण्या घेऊन आपला अहवाल आदल्याच वर्षी, १८६४ मध्ये, दिला होता. क्लबने मान्य केलेल्या दोराच्या पिळात तांबडा लोकरी धागा घालीत, म्हणजे खरा दोर कोणता हे कोणत्याही दुकानात, अडाणी गिऱ्हाइकासही ओळखता यावे. तांबडा धागा दिसला की विश्वास ठेवावा, न दिसला की ठेवू नये. १९३२ मध्ये गिर्यारोहण संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, पुढे १९६० च्या सुमारास त्याने दोरांची मानके ठरविली, आणि आज दोरावर, कड्यांवर, कमरपट्ट्यांवर जी चिन्हे व आकडे दिसतात ती याच धाग्याची नातवंडे आहेत.

दोर व कमरपट्टा यांवर उत्पादनाचे वर्ष सुटू न शकेल अशा तऱ्हेने नोंदविलेले असते. मोटारीच्या टायरवर आठवडा व वर्ष सांगणारे चार आकडे रबरातच उमटवलेले असतात. आपल्या स्वयंपाकघरातील गॅसच्या सिलिंडरवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर व वर्ष रंगविलेले असते, आणि त्यावरून पुढची चाचणी केव्हा हे कोणत्याही गृहिणीस समजते. बुटाची तारीख मात्र खोक्यावर असते, आणि खोके ही घरी आल्यावर पहिली टाकून द्यावयाची वस्तू. मांडणीतल्या बुटाला तर खोकेच नसते. कायद्याची पूर्तता झाली, ग्राहकाची मात्र झाली नाही. माझी मागणी एवढीच आहे: डोंगरात, कारखान्यात, बांधकामावर वापरावयाच्या बुटांच्या जिभेवर किंवा तळावर उत्पादनाचा महिना व वर्ष कायमचे उमटविणे सक्तीचे करावे, आणि सवलतीच्या विक्रीत ती तारीख किमतीशेजारी लिहावी. साच्यात चार आकडे कोरण्याचा खर्च दर जोडी नगण्य येईल. यावर व्यापारी म्हणतील, की मग जुना साठा विकला जाणार नाही. तो ज्या किमतीस विकला जाईल ती त्याची खरी किंमत, हे प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

ग्राहक गप्प का बसतो, याचे उत्तरही अर्थशास्त्रात आहे. मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले, की मोठ्या समूहाचे विखुरलेले हित संघटित होणे फार कठीण असते. प्रत्येकाची हानी थोडी, आणि भांडण्याचा खर्च मोठा. कारकून किंवा शिक्षक हिशेब करतो: बुटाची किंमत एका बाजूस, दोन किरकोळ रजा दुसऱ्या बाजूस. महाराष्ट्रात ही कोंडी फोडण्याचे प्रयत्न फार पूर्वी झाले. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, आणि ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये आला. २०१९ च्या नव्या कायद्याने दोन गोष्टी सोप्या केल्या, त्या फारशा कोणास माहीत नाहीत. तक्रार आता आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे करता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. आणि सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेबद्दल उत्पादक व विक्रेता यांना जबाबदार धरण्याविषयी स्वतंत्र प्रकरणच त्यात आहे. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

आमच्या विद्यार्थ्याने सारे कागद जमविले आहेत: बिल, खोके, मनगटाच्या मलमपट्टीची दवाखान्याची पावती, आणि कातळटप्प्यावर मैत्रिणीने काढलेले सुतळी बांधलेल्या बुटांचे छायाचित्र. अर्जाचा मसुदा आम्ही दोघांनी मिळून केला. दरम्यान बूट त्याने महाविद्यालयाबाहेर बसणाऱ्या चांभाराकडे नेले. त्याने उरलेला भुगा खरवडून काढला, आत बोट घालून पाहिले आणि म्हणाला, “हे शिवलेलं नाही, नुसतं चिकटवलंय.” मग त्याने टायरच्या रबराचे दोन तळ कापून भोवती दुहेरी दोऱ्याने शिवून दिले. बूट पूर्वीपेक्षा जड झाले आहेत. मुलगा ते घालून परवा राजगडास जाऊन आला.