उद्यानातील शिल्प आणि देखभालीचे अर्थकारण

म्हैसूरच्या नजरबाद भागात दगडाला मोठा इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला पाडून त्याचे दगड नजरबादला नवा किल्ला बांधण्यासाठी वाहून नेले. 1799 मध्ये त्याचा पाडाव झाल्यावर तेच दगड पुन्हा म्हैसूरच्या उभारणीसाठी परत आणण्यात आले. वाहतुकीचा खर्च दोनदा झाला, किल्ला मात्र अपुराच राहिला.

याच शहरात दोन मराठी कलावंतांच्या कृती दोन वेगळ्या व्यवस्थांत पाहावयास मिळतात. सावळाराम हळदणकर यांचे 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगचित्र जगनमोहन राजवाड्याच्या संग्रहातले. ते दालनातच जपावे लागते. गणपतराव म्हात्रे यांनी घडवलेला चामराजेंद्र वाडियार यांचा संगमरवरी पुतळा मात्र भर चौकात, छत्रीखाली उभा आहे. एकाने पाहिल्याने तो दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि पाहणाऱ्याला अडवताही येत नाही. अर्थशास्त्रात यालाच सार्वजनिक वस्तू म्हणतात.

कलासंग्रहालयाचे शिल्पोद्यान या दोहोंच्या मध्ये येते. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने दिल्लीच्या जयपूर हाऊसमध्ये (1954) आणि बंगळूरूच्या माणिक्यवेलू वाड्यात (2009) इमारतीभोवतीच्या मोकळ्या जागेतही शिल्पे मांडली आहेत. येथे कुंपण आहे, म्हणून शुल्क आकारता येते. परंतु आणखी एक प्रेक्षक आल्याने खर्च जवळजवळ वाढत नाही. खर्च वाढवते ते हवामान. हवेतील गंधकाच्या वायूंमुळे संगमरवराचा पृष्ठभाग जिप्सममध्ये बदलतो, काळवंडतो आणि पापुद्र्यांनी झडतो. कांस्यावर मेणाचा थर ठरावीक काळाने द्यावा लागतो. तो चुकल्यास क्षार धातू आतून पोखरतात. ग्रॅनाइट टिकतो खरा, पण जोडासाठी आत बसवलेली लोखंडी कांब गंजून फुगली की तोही तडकतो. प्रेक्षक दहा असोत वा दहा हजार, हा खर्च टळत नाही.

अडचण अंदाजपत्रकाच्या रचनेतही आहे. शिल्प विकत घेणे हा भांडवली खर्च, त्यासाठी अनुदान मिळते आणि उद्‌घाटनही होते. मेण, मचाण आणि प्रशिक्षित कामगार हा महसुली खर्च. कपात प्रथम तेथे होते. मेणाच्या डब्याचे उद्‌घाटन कोणी करीत नाही! नजरबादजवळच्या कारंजी तलावाचे उदाहरण येथे उपयुक्त आहे. सांडपाण्याने बिघडलेल्या या तलावाचे पुनरुज्जीवन झाल्यावर तेथे प्रवेशशुल्क सुरू झाले आणि व्यवस्था शेजारच्या प्राणिसंग्रहालयाकडे राहिली. देखभालीला नियमित उत्पन्नाचा आधार मिळाला. शिल्पोद्यानांना केवळ तिकिटावर भागवता येणार नाही. खरेदीच्या वेळीच किमतीचा काही भाग देखभाल निधीत ठेवणे अधिक व्यवहार्य ठरेल.

कौशल्याचा तुटवडा नाही. 8 सप्टेंबर 2022 रोजी दिल्लीच्या इंडिया गेटजवळ अनावरण झालेला नेताजींचा 28 फुटी ग्रॅनाइट पुतळा म्हैसूरच्याच अरुण योगीराज यांच्या नेतृत्वाखाली घडला. अशा कारागिरांना नव्या मूर्तींची मागणी येते. जुन्या शिल्पांच्या दुरुस्तीचे वार्षिक कंत्राट निघाले, तर या कारागिरांच्या शिकाऊ मुलांना मूर्तींचा हंगाम नसतानाही काम मिळू शकेल.