ताशा ऐकू येतो, ढोल गायब! नव्या लॅपटॉपचा आवाज खराब का येतो आणि पहिल्या आठवड्यात काय तपासायचं?

नवा लॅपटॉप घरी येतो. बॉक्ससकट फोटो स्टेटसला पडतो, पासवर्ड-बिसवर्ड टाकून होतात आणि मग कोणीतरी पहिलं गाणं लावतं. आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. ढोल-ताशा पथकाचा व्हिडिओ लावला तर ताशा कडकडतो, पण ढोल कुठे गेला ते कळत नाही. लॅपटॉपच्या चौथ्या हिश्श्याच्या किमतीचा मोबाईल शेजारी ठेवून तोच व्हिडिओ लावला, तर मोबाईलच बरा वाटतो.

इथून पुढे लोक दोन प्रकारे फसतात. काही जण "पातळ लॅपटॉपचं असंच असतं" म्हणून सोडून देतात आणि दोन महिन्यांनी त्यांना कळतं की एक स्पीकर पहिल्या दिवसापासून बंदच होता. काही जण थेट सर्व्हिस सेंटर गाठतात, अर्धा दिवस घालवतात आणि तिथला माणूस एक सेटिंग बंद करून लॅपटॉप परत हातात देतो.

ऑनलाइन घेतलेला लॅपटॉप बदलून मिळण्याची मुदत बहुतेक वेळा ७ ते १० दिवसांची असते. ती संपली की उरते ती वॉरंटी, आणि वॉरंटीत सहसा वस्तू बदलून मिळत नाही, दुरुस्त करून मिळते. म्हणून आवाजाची तक्रार सेटिंगची आहे, ड्रायव्हरची आहे, की खरोखर मशीनच सदोष आहे, याचा निकाल पहिल्या आठवड्यातच लागायला हवा. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही.

आधी बिघाड कुठे आहे ते शोधा

सेटिंग उलटसुलट करण्याआधी चार साध्या चाचण्या करा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

१. वायरचा हेडफोन लावून ऐका. हेडफोनवर आवाज स्वच्छ असेल, तर शंका स्पीकरवर किंवा स्पीकरसाठीच्या सेटिंगवर जाते. हेडफोनवरही तसाच खराब असेल, तर स्पीकर बिचारा निर्दोष असण्याची शक्यता जास्त.

२. गाणं बदला, अ‍ॅपही बदला. व्हॉट्सअ‍ॅपवर दहा ठिकाणांहून फिरत आलेला व्हिडिओ मुळातच दाबून लहान केलेला असतो, त्यावरून स्पीकरची परीक्षा घेऊ नका. नेहमीच्या ऐकण्यातलं, नीट रेकॉर्ड झालेलं एक गाणं निवडा आणि ते ब्राउझरमध्ये आणि दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपमध्येही लावा.

३. डावा-उजवा तपासा. यूट्यूबवर डाव्या-उजव्या स्पीकरच्या चाचणीचे व्हिडिओ सहज मिळतात. त्यात आवाज आळीपाळीने एकेका बाजूने येतो. एक बाजू गप्प असेल किंवा बारीक असेल, तर लगेच लक्षात येतं.

४. आवाज ५० टक्क्यांवर आणि १०० टक्क्यांवर ऐका. फक्त शेवटच्या टप्प्यात फाटत असेल, तर तो छोट्या स्पीकरचा स्वभाव असू शकतो. ५० टक्क्यांवरही फाटत असेल, तर नक्कीच काहीतरी बिनसलंय.

थोडा बास कमी असणारच, ते का?

ढोल गायब होण्यामागे शाळेतलं भौतिकशास्त्र आहे. जाड, खालचा आवाज काढायचा तर स्पीकरच्या पडद्याला जास्त हवा ढकलावी लागते. आवाजाची पट्टी एक सप्तक खाली नेली आणि तो तितकाच मोठा हवा असेल, तर पडद्याला चौपट पुढे-मागे हलावं लागतं. जेमतेम दीड सेंटिमीटर जाडीच्या लॅपटॉपमध्ये तेवढी जागाच नसते. म्हणून तबल्याची चाट खणखणीत ऐकू येते आणि डग्ग्याचा घुमारा हरवतो.

बऱ्याच लॅपटॉपचे स्पीकर खालच्या बाजूला असतात. आवाज टेबलावर आपटून वर येतो, असा त्यामागचा हिशेब. तोच लॅपटॉप गादीवर, उशीवर किंवा मांडीवर ठेवला की स्पीकरचं तोंडच बंद होतं. त्यामुळे परीक्षा घ्यायची ती कडक, सपाट टेबलावर. आणि लॅपटॉप नवा असेल तर एकदा उलटा करून बघा. वाहतुकीत ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली पारदर्शक फिल्म कधी कधी स्पीकरच्या जाळीवर तशीच राहिलेली असते.

सेटिंगमधले नेहमीचे गुन्हेगार

विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', मग 'सिस्टिम', मग 'साउंड' उघडा. इथे क्रमाने बघायच्या गोष्टी अशा:

• आउटपुट कुठे आहे? एचडीएमआयने मॉनिटर किंवा टीव्ही जोडलेला असेल, तर आवाज लॅपटॉपऐवजी मॉनिटरच्या चिमुकल्या स्पीकरमधून येत असतो आणि शिव्या लॅपटॉपला बसतात.

• स्पीकरच्या नावावर क्लिक केल्यावर डाव्या-उजव्या बाजूचे आकडे दिसतात. दोन्ही सारखे हवेत.

• त्याच पानावर 'एन्हान्स ऑडिओ' नावाचं बटण बहुतेक ठिकाणी असतं. ते एकदा बंद करून आणि एकदा चालू करून ऐका. आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमत असेल तर बंद केल्यावर सुधारतो. उलट, काही लॅपटॉपवर ते बंद असल्यामुळेच आवाज पोकळ येतो.

• 'स्पेशियल साउंड' सिनेमासाठी ठीक आहे. गाणी विचित्र वाटत असतील तर बंद करा.

• 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'मधल्या 'ऑडिओ' विभागात 'मोनो ऑडिओ' चुकून चालू नाही ना, तेही पाहा.

आणखी एक लपलेली सेटिंग आहे. कॉल सुरू झाला की बाकी सगळे आवाज एकदम बारीक होतात, अशी तक्रार अनेकांची असते. विंडोज हे मुद्दाम करतं. जुन्या कंट्रोल पॅनेलमधल्या 'साउंड' खिडकीत 'कम्युनिकेशन्स' नावाचा टॅब आहे. कॉल चालू असताना इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचा पर्याय तिथे आधीपासून निवडलेला असतो. त्याऐवजी 'डू नथिंग' निवडलं की झालं.

आवाज वाढवून देणारी एक्स्टेन्शन्स आणि बूस्टर अ‍ॅप्स मात्र टाळलेली बरी. ती स्पीकरची ताकद वाढवत नाहीत, सिग्नल मर्यादेबाहेर ढकलतात. लाटेचं वरचं टोक कापलं जातं आणि तेच आपल्याला 'फाटलेला आवाज' म्हणून ऐकू येतं. बराच काळ असं चाललं तर छोटा स्पीकर कायमचा खराबही होऊ शकतो.

'डॉस'वाला लॅपटॉप आणि हरवलेला ड्रायव्हर

आपल्याकडे पैसे वाचवण्यासाठी विंडोज नसलेला, म्हणजे बोलीभाषेत 'डॉस'वाला लॅपटॉप घ्यायची आणि दुकानदाराकडून विंडोज टाकून घ्यायची पद्धत आहे. आवाजाच्या तक्रारींचं एक मोठं मूळ इथे सापडतं.

लॅपटॉप कंपनी आपल्या छोट्या स्पीकरच्या उणिवा सॉफ्टवेअरने झाकत असते. कोणती पट्टी उचलायची, कोणती दाबायची, कुठे थांबायचं हे त्या मॉडेलसाठी मोजून ठरवलेलं असतं. काही सॉफ्टवेअर तर डोक्याला चकवतात. खालचा मूळ स्वर वाजवता येत नसेल, तर त्याचे वरचे उपस्वर वाजवतात आणि उरलेला स्वर मेंदू स्वतःच भरून काढतो. लॅपटॉपवरचा 'डॉल्बी' किंवा 'डीटीएस'चा शिक्का मुख्यतः अशाच प्रक्रियेबद्दल बोलत असतो. त्या शिक्क्याने स्पीकर मोठा होत नाही.

विंडोज नव्याने टाकलं की मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसतो. आवाज येतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण कंपनीचं ट्यूनिंग गेलेलं असतं आणि स्पीकर उघडा पडतो. हेडफोनवर आवाज छान, पण स्पीकरवर पोकळ, असं होण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

ओळखायचं कसं? 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा आणि 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' बघा. तिथे 'रिअलटेक'सारख्या चिप कंपनीच्या नावाऐवजी नुसतं 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' लिहिलेलं असेल, तर सर्वसाधारण ड्रायव्हर बसलाय असं समजा. उपाय सरळ आहे. लॅपटॉपच्या मागे छापलेला मॉडेल किंवा सिरियल नंबर घ्या, कंपनीच्या अधिकृत वेबसाइटच्या सपोर्ट विभागात टाका, तिथला ऑडिओ ड्रायव्हर उतरवून बसवा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. सोबत डॉल्बी किंवा तत्सम अ‍ॅप दिलेलं असेल तर तेही बसवा. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाच्या भलत्या अ‍ॅपच्या नादी लागू नका.

मीटिंग सुरू झाली की ब्लूटूथचा आवाज का बिघडतो?

गाणी मस्त ऐकू येतात, पण गूगल मीट किंवा झूम सुरू केलं की त्याच इअरबड्समधून जुन्या फोनसारखा आवाज येतो. ना इअरबड्स खराब असतात, ना लॅपटॉप.

नेहमीच्या ब्लूटूथला दोन पद्धतींनी काम करता येतं. एकात फक्त ऐकायचं, तेव्हा स्टीरिओ आवाज भरघोस येतो. दुसऱ्यात ऐकायचं आणि बोलायचंही, तेव्हा वाट तीच पण वाहतूक दुतर्फा होते, म्हणून आवाजाची प्रत खाली आणली जाते. संगीताच्या सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. या बोलण्याच्या पद्धतीत ते १६,००० किंवा अगदी ८,००० वर येतात. इअरबड्सचा माइक चालू झाला की लॅपटॉप आपोआप या दुसऱ्या पद्धतीवर जातो.

तोडगा एका मिनिटाचा आहे. मीटिंग अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून इअरबड्स ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. ऑनलाइन इंटरव्ह्यू असेल तर वायरचा हेडफोन त्याहून भरवशाचा. 'एलई ऑडिओ' या नव्या तंत्रात ही अडचण बरीच कमी होते, पण त्यासाठी लॅपटॉप आणि इअरबड्स दोघांनीही ते तंत्र पेलायला हवं.

घूं घूं, कडकड आणि गायब झालेला गायक

बाहेरचा स्पीकर वायरने जोडल्यावर सतत घूं घूं आवाज येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आवाज थांबला तर दोष बहुधा विजेच्या अर्थिंगचा आहे. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तोच संशय पक्का होतो. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या कन्व्हर्टरला लावला की अर्थिंग तुटतं. अशा वेळी सर्व्हिस सेंटरला नाही, इलेक्ट्रिशियनला फोन करायचा.

गाण्यात वाद्यं ऐकू येतात पण गायक लांब गेल्यासारखा वाटतो? हेडफोनची पिन पूर्ण आत बसलेली नाही. गायकाचा आवाज डाव्या-उजव्या बाजूला सारखाच असतो. पिनेचा सामाईक संपर्क सुटला की दोन्ही बाजूंमधला फक्त फरक ऐकू येतो आणि जे सारखं आहे तेच नेमकं वजा होतं. पिन टक् आवाज होईपर्यंत दाबा. माइक आणि हेडफोनच्या दोन वेगळ्या पिना असलेला जुना हेडसेट असेल, तर त्याला स्प्लिटर लागतो.

मधूनच कडकड किंवा तुटक आवाज येत असेल, तर आधी इतर अ‍ॅप्स बंद करून बघा. मग ऑडिओ ड्रायव्हर आणि कंपनीच्या अ‍ॅपमधून बायोसचं अपडेट करा.

दोष मशीनचाच आहे, हे कसं सिद्ध कराल?

एवढं करूनही आवाज तसाच असेल, तर विंडोजला बाजूला ठेवून तपासायचं. अनेक लॅपटॉपमध्ये विंडोज सुरू होण्याआधी चालणारी हार्डवेअर तपासणी असते. डेलमध्ये लॅपटॉप सुरू करताना 'एफ १२' दाबून आणि एचपीमध्ये 'एफ २' दाबून ती उघडते. इतर कंपन्यांची पद्धत त्यांच्या सपोर्ट पानावर असते. तिथेही स्पीकर फाटत असेल किंवा एक बाजू मुकी असेल, तर "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, फॉरमॅट मारा" हे उत्तर ऐकून घ्यायची गरज नाही.

ठरावीक सुरावरच लॅपटॉपची बॉडी थरथरते, एकच बाजू वाजते, ५० टक्क्यांवरही आवाज फाटतो, ही बहुतेक वेळा बदलून मागण्याजोगी लक्षणं. मग इतकं करा:

• बिघडलेल्या आवाजाचा व्हिडिओ दुसऱ्या मोबाईलवर काढा. त्यात स्क्रीन आणि आवाजाची पातळी दिसू द्या.
• तक्रार फोनवर करून थांबू नका. अ‍ॅप किंवा ईमेलवर लेखी करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. मुदतीच्या आत तक्रार केल्याचा तोच पुरावा.
• बॉक्स आणि बिल टाकू नका. लॅपटॉप स्वतः किंवा गल्लीतल्या दुकानात उघडू नका, वॉरंटीवर वाद होतो.

दुकानदार आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवत असतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्याने भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. ही तक्रार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही.

बहुतेकांवर तिथवर जायची वेळ येणार नाही. बरेच आवाज एका सेटिंगने किंवा योग्य ड्रायव्हरने सुधारतात. काहींना बाहेरचा एक साधा स्पीकर पुरतो. पण ज्यांच्या वाट्याला खरोखर सदोष मशीन आलंय, त्यांच्यासाठी डिलिव्हरीची तारीख महत्त्वाची. ती आजच बघून घ्या आणि मुदत संपायच्या आत या चार चाचण्या उरका.